८०५१, झेड८० की ईएसपी३२? चिपचं वय सोडा, पिनांचं वागणं बघा

प्रश्न थोडक्यात असा: डिप्लोमाला ८०५१ हा जुना मायक्रोकंट्रोलर (एकाच चिपमधला छोटा संगणक) शिकवतात, प्रोजेक्टला मात्र वर्गातले सगळे ईएसपी३२ ही वाय-फायवाली चिप लावतात. छंद म्हणून यात रमलेली जुनी मंडळी सांगतात, झेड८० किंवा ६५०२ हे सत्तरच्या दशकातले प्रोसेसर हाताळल्याशिवाय प्रोसेसर कळत नाही. नवी मंडळी म्हणतात, त्या भंगारात वेळ घालवू नका. घरी काकांचा ८०८५ प्रोसेसरचा जुना किट पडून आहे आणि खिशात पैसे मोजके आहेत. तर शिकायचं काय, विकत काय घ्यायचं, आणि ते रिस्क-व्ही म्हणतात ती प्रोसेसरची नवी भाषा आता शिकलीच पाहिजे का?

मी कंट्रोल बोर्ड बनवून पोट भरतो. पंपाचे स्टार्टर, टाक्यांचे लेव्हल कंट्रोलर, छोट्या मशिनांचे टायमर असली कामं. रात्री त्याच टेबलावर जुन्या चिपांशी खेळत बसतो. त्यामुळे दोन्ही मंडळींचा जिव्हाळा मला कळतो, पण दोघंही जी कारणं देतात ती पटत नाहीत. चिप किती बिटची, किती मेगाहर्ट्झची, कोणत्या सालची यावर चहा संपेपर्यंत वाद घालता येतो. बोर्ड बनवायला बसलं की पहिला प्रश्न वेगळाच असतो: वीज आली त्या क्षणापासून तुमचा प्रोग्रॅम चालू होईपर्यंत या चिपच्या पिना काय करतात?

शेतातला पंप घ्या. लाईट दिवसातून चारदा जाते आणि येते, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. लाईट आली की बोर्ड उठतो. स्टार्टरच्या रिलेला जोडलेली पिन त्या वेळी पाव सेकंद जरी वर गेली, म्हणजे तिच्यावर व्होल्टेज आलं, तरी रिले टक् करून वाजतो, कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा मोठा स्विच, ओढला जातो, आणि त्याला धरून ठेवणारा होल्डिंग कॉन्टॅक्ट लागला की पंप चालूच राहतो. विहिरीत पाणी आहे का, तिन्ही फेज आल्या आहेत का, हे तपासणारा तुमचा सुंदर प्रोग्रॅम अजून सुरूही झालेला नसतो.

आता बघा, कोणती चिप इथे काय करते. ८०५१ रीसेट झाला की चारही पोर्टांत (आठ-आठ पिनांच्या गटांत) एफएफ भरतो, म्हणजे बत्तीसच्या बत्तीस पिना वर. बाहेरून पुल-अप (पिनेला वर ओढून धरणारा रेझिस्टर) टाकून यूएलएन२००३ या ड्रायव्हर चिपमधून रिले चालवला असेल तर वीज येताच तो ओढला जाणार. इंटेलने ही चिप १९८० साली आणली, तेव्हापासून हे असंच आहे. म्हणूनच जुने डिझायनर रिले नेहमी पिन खाली गेल्यावर चालू होईल असा जोडत. ॲटमेलच्या एव्हीआर जातीच्या चिपांचं वागणं उलट. अर्डुइनो उनोवरचा एटीमेगा३२८पी रीसेटमध्ये सगळ्या पिना इनपुट करून टाकतो, त्या ना वर असतात ना खाली. ट्रान्झिस्टरच्या बेसकडून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर टाकला की विषय संपला.

आणि ईएसपी३२? तिथे प्रत्येक पिनेची वेगळी तऱ्हा. ५ आणि १५ नंबरच्या पिना बूट होताना, म्हणजे चिप सुरू होताना, वर असतात. १४ नंबर बूटच्या वेळी स्वतःच थरथरते. १ नंबरवरून बूटचा मजकूर बाहेर पडत असतो. ३४ ते ३९ या फक्त इनपुट, आणि त्यांना आतून पुल-अपही नाही. ईएसपी८२६६ या आधीच्या चिपवर तर ४ आणि ५ सोडल्या तर रिलेसाठी भरवशाची पिन शोधावी लागते. नोडएमसीयू बोर्डवर त्याच दोन पिनांवर डी२ आणि डी१ छापलेलं असतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

सगळ्यांत छळणारी म्हणजे ईएसपी३२ची १२ नंबरची पिन. बूटच्या क्षणी ती वर असेल तर चिप आपल्या फ्लॅशला (प्रोग्रॅम साठवणाऱ्या मेमरीला) ३.३ ऐवजी १.८ व्होल्ट द्यायला जाते, आणि ३.३ व्होल्टचं फ्लॅश असलेला नेहमीचा बोर्ड उठतच नाही. लक्षण असं दिसतं: सेन्सर काढला की चालतं, लावला की चालत नाही, आणि चालू असताना लावला तर मात्र मजेत चालतं. लोक सेन्सर बदलतात, केबल बदलतात, लायब्ररी बदलतात. सेन्सरच्या मॉड्यूलवरचा पुल-अप त्या पिनेला वर धरून ठेवतोय, हे डेटाशीटमधलं (कंपनीच्या माहितीपुस्तिकेतलं) स्ट्रॅपिंग पिनांचं, म्हणजे बूटच्या वेळी चिप ज्या पिना वाचते त्यांचं, पान उघडेपर्यंत लक्षात येत नाही.

तेव्हा १९८० सालच्या चिपलाही ही खोड आहे आणि २०१६ सालच्या चिपलाही. मधल्या काळातल्या एव्हीआरला नाही. वयावरून काहीच ठरत नाही, हे एवढ्यासाठी सांगितलं.

आता ८०५१ बद्दल. परीक्षेला आहे म्हणून शिकायचा तो शिकाच, पण नुसता पाठ करू नका. या चिपमध्ये हाताने गणित करून पडताळता येतील अशा गोष्टी आहेत, आणि तीच तिची खरी किंमत. प्रत्येक पुस्तकात ११.०५९२ मेगाहर्ट्झचा विचित्र क्रिस्टल असतो. का, ते कागदावर करून बघा. मूळ ८०५१ ला एका मशीन सायकलला १२ क्लॉक लागतात. ११.०५९२ ला १२ ने भागलं की ९,२१,६०० उरतात. सिरीयल पोर्ट त्याला आणखी ३२ ने भागतो, आले २८,८००. टायमर १ मोड २ मध्ये (आपोआप पुन्हा भरणाऱ्या) ठेवून त्याच्या टीएच१ रजिस्टरमध्ये एफडी टाकलं, म्हणजे २५३, की तो दर तीन मोजण्यांनी उलटतो. २८,८०० भागिले ३, बरोब्बर ९,६००, म्हणजे सिरीयलचा सेकंदाला ९,६०० बिटांचा नेहमीचा वेग.

हेच गणित १२ मेगाहर्ट्झवर करा. ३१,२५० भागिले ३ म्हणजे १०,४१७ च्या आसपास, साडेआठ टक्के जास्त. एका अक्षराचे स्टार्ट आणि स्टॉप धरून दहा बिट जातात, आणि समोरचा प्रत्येक बिट मध्यावर तपासतो. शेवटच्या बिटापर्यंत चूक साठत साठत अर्ध्या बिटाच्या पलीकडे जाते, आणि स्क्रीनवर कचरा दिसतो. १२ वर वेग दुप्पट करणारा एसमॉड बिट लावून ४,८०० मात्र छान जमतं, कारण ६२,५०० ला १३ ने भागलं की ४,८०८ येतात. हे एकदा हाताने केलं की पुढे कुठल्याही चिपवर सिरीयल पोर्टने कचरा टाकला तर तुम्ही आधी क्लॉककडे बघाल. अर्डुइनोमध्ये एका ओळीत काम होतं, पण भागाकार आत तोच चाललेला असतो. १६ मेगाहर्ट्झच्या नॅनोवर १,१५,२०० मागितले तर चिप प्रत्यक्षात २.१ टक्के जास्त वेगाने बोलते. दोन्हीकडे तशीच चिप असेल तर निभावतं. समोर उलट्या दिशेला चुकणारी दुसरी चिप आली की अधूनमधून अक्षरं बिघडायला लागतात.

८०५१च्या पिनांची आणखी एक गंमत. पिन वर करायला आत फक्त एक अशक्त पुल-अप आहे, काही दहा मायक्रोअँपिअरचा. खाली ओढताना मात्र ती व्यवस्थित जोर लावते. म्हणून एलईडी पिनेकडून ग्राउंडला जोडला तर काजव्यासारखा मिणमिणतो, आणि ५ व्होल्टकडून रेझिस्टरमार्फत पिनेत जोडला तर लख्ख लागतो. पोर्ट ० ला तर पुल-अपच नाही, तो बाहेरून द्यावा लागतो. लॅबमध्ये दरवर्षी कुणाचा तरी एलसीडी याच कारणाने चालत नाही. मास्तर नुसतं ‘पुल-अप टाक’ म्हणतात, का ते सांगत नाहीत.

नव्या उत्पादनासाठी मी ८०५१ घेईन का? एटी८९एस५२ नाही घेणार. एडीसी (व्होल्टेज मोजून आकडा देणारा भाग) नाही, प्रोग्रॅमिंगला वेगळा प्रोग्रॅमर, आणि डेटा, आयडेटा, एक्सडेटा, कोड अशा चार खोल्यांत विभागलेली मेमरी सी कंपायलरला आणि तुम्हाला दोघांना दमवते. कॉलेजात वापरतात त्या कैल या सी कंपायलरच्या फुकट आवृत्तीला २ केबीची मर्यादा आहे. एसडीसीसी हा कंपायलर फुकट आणि बिनमर्यादेचा आहे, तो शिका. पण ८०५१ मेला असं समजू नका. नुव्होटॉनचा एन७६ई००३ बघा: वीस पिना, १२ बिटचा एडीसी, आतलाच १६ मेगाहर्ट्झचा क्लॉक, आणि आत ८०५१च, फक्त बाराऐवजी एका क्लॉकचा. डब्ल्यूसीएच या चिनी कंपनीच्या सीएच५५२ मध्ये तर यूएसबीसकट ८०५१ बसवलाय. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या सीसी२५३० या झिगबी चिपमध्येही तोच. कॉलेजातला अभ्यास वाया जात नाही तो असा.

झेड८० आणि ६५०२ ही गोष्टच वेगळी. हे मायक्रोकंट्रोलर नाहीत. आत ना रॅम, ना रॉम, ना पोर्ट; सगळं बाहेर तारांवर. ६५०२ मॉस टेक्नॉलॉजीने १९७५ साली २५ डॉलरला विकायला काढला, झेड८० झायलॉगने १९७६ साली. यांच्यावर आज काही ‘उपयोगाचं’ बनवायला जाऊ नका. पण प्रोसेसर मेमरीतून सूचना कशी उचलतो हे डोळ्यांनी बघायचं असेल तर यासारखं दुसरं साधन नाही.

प्रयोग असा. सीमॉसचा (नंतरच्या, कमी वीज खाणाऱ्या पद्धतीने बनवलेला) झेड८०, म्हणजे झेड८४सी००, ब्रेडबोर्डवर बसवा. ११ नंबरला ५ व्होल्ट, २९ ला ग्राउंड. डेटाच्या आठही पिना १० किलोओहममधून ग्राउंडला. वेट, इंटरप्ट, एनएमआय आणि बस रिक्वेस्ट या चार पिना १० किलोओहममधून ५ व्होल्टला. ६ नंबरला ५५५ या टायमर चिपचा क्लॉक, सेकंदाला साधारण चार ठोके. ॲड्रेसच्या पिनांना २.२ किलोओहम आणि एलईडी, ३० नंबरपासून ए० सुरू होते. २६ नंबरची रीसेट पिन काही ठोके खाली धरून सोडा.

मेमरी नाही, प्रोग्रॅम नाही. पण डेटाच्या सगळ्या तारा खाली आहेत, म्हणजे प्रोसेसर काहीही वाचायला गेला तरी त्याला ०० मिळतं. झेड८० च्या भाषेत ०० म्हणजे ‘काही करू नको, पुढे जा’. मग तो पुढे जातो, पुन्हा ०० वाचतो, पुन्हा पुढे. एका सूचनेला चार ठोके, म्हणजे दर सेकंदाला पत्ता एकने वाढतो आणि एलईडींवर द्विमान मोजणी चालू झालेली दिसते.

खरी मजा दोन मिनिटांनंतर आहे. पत्ता १२८ च्या पुढे गेला की ए७ चा एलईडी लागतो, पण स्थिर राहत नाही, लुकलुकत राहतो. तार ढिली आहे असं वाटून लोक ब्रेडबोर्ड दाबत बसतात. तार बरोबर असते. झेड८० प्रत्येक सूचना उचलल्यावर उरलेल्या दोन ठोक्यांत डायनॅमिक रॅमला ताजं ठेवण्यासाठी वेगळाच पत्ता बाहेर काढतो. त्याचा मोजणारा काउंटर सातच बिटांचा आहे. १२७ पर्यंत दोन्ही आकडे योगायोगाने बरोबर चालतात म्हणून काही कळत नाही. त्यापुढे मात्र वाचनाच्या वेळी ए७ वर, रिफ्रेशच्या वेळी खाली. २८ नंबरच्या रिफ्रेश पिनेला आणखी एक एलईडी लावा आणि दोन्हीकडे एकदम बघा. पुस्तकात टायमिंग डायग्रॅम म्हणून जे रेघोट्यांचं पान असतं ते या दोन एलईडींनी समजतं.

यासाठी सीमॉसच लागतो. जुना एनमॉस झेड८० इतक्या हळू क्लॉकवर चालायची हमी नाही, त्याची अंतर्गत स्थिती टिकत नाही. आणि खरेदी इथेच अवघड झालीय. झायलॉगने एप्रिल २०२४ मध्ये झेड८४सी०० बंद करायचं जाहीर केलं आणि १४ जूनपर्यंतच शेवटच्या ऑर्डरी घेतल्या. आता बाजारात जुना साठा आहे आणि घासून पुन्हा छापलेला मालही आहे. एनमॉसवर सीमॉसचा नंबर छापलेला तुकडा मिळणं अजिबात नवल नाही. ओळखायची एक जुनी युक्ती आहे. ईडी ७१ ही अधिकृत यादीत नसलेली सूचना चालवली की एनमॉस पोर्टवर ०० टाकतो आणि सीमॉस एफएफ. या कटकटीत पडायचं नसेल तर वेस्टर्न डिझाइन सेंटरचा डब्ल्यू६५सी०२एस घ्या. तो आजही नवा बनतो, १४ मेगाहर्ट्झपर्यंत चालतो, आणि क्लॉक थांबवून ठेवला तरी आतली स्थिती हलत नाही. तिथे ‘काही करू नको’ म्हणजे ईए, त्यामुळे आठही तारा खाली न ओढता काही वर, काही खाली जोडाव्या लागतात. एवढाच फरक.

काकांचा ८०८५ चा किट असेल तर मात्र आधी तोच. विकत काहीच घेऊ नका. किटवर ३ई ०५, ०६ ०३, ८०, ७६ एवढे सहा बाइट भरा: ए मध्ये ५, बी मध्ये ३, बेरीज, थांब. ३ मेगाहर्ट्झवर पहिल्या तीन सूचनांना मिळून १८ ठोके, म्हणजे ६ मायक्रोसेकंद. गंमत म्हणजे हेच सहा बाइट झेड८० वर जसेच्या तसे चालतात, कारण दोघांची भाषा ८०८० पासून आलेली आहे. शेवटी थांबायला ७६ ऐवजी काही किटांना आरएसटीची सूचना लागते, ते किटच्या पुस्तिकेत बघा. आणि ‘८०८५ म्हणजे खेळणं’ म्हणणाऱ्यांना सांगा, १९९७ साली मंगळावर फिरलेल्या सोजर्नर गाडीत याच चिपची सीमॉस आवृत्ती होती.

पिक या मायक्रोचिप कंपनीच्या मायक्रोकंट्रोलरांबद्दल थोडक्यात. पिक१६एफ८४ आणि १६एफ८७७ए वर एक अख्खी पिढी शिकली आणि ती पिढी अजून त्यांची बाजू घेते. मला त्यातलं बँक (रजिस्टरांचा गट) बदलणं कधीच आवडलं नाही. पिन इनपुट की आउटपुट हे ठरवायला एका बँकेत जा, तीवर लिहायला दुसऱ्या बँकेत या. नव्या पिकांमध्ये बरीच सुधारणा आहे, पण आज सुरुवात करणाऱ्याला मी तिकडे पाठवणार नाही. ज्यांच्या कंपनीत तेच चालतं त्यांनी खुशाल शिकावं.

एव्हीआर नॉर्वेतल्या दोन विद्यार्थ्यांच्या डोक्यातून निघाला, ॲटमेलने तो नव्वदच्या दशकात बाजारात आणला, आणि २००५ साली इटलीतल्या इव्रेयाच्या मंडळींनी त्यावर अर्डुइनो उभा केला. माझ्या पंपाच्या बोर्डांवर आजही बहुतेक वेळा एव्हीआरच असतो, आणि ते सवयीमुळे नाही. ५ व्होल्टवर चालणारा ३२८पी दीड व्होल्टपर्यंतचा सिग्नल ‘खाली’ समजतो. ३.३ व्होल्टच्या ईएसपी३२ ला ही सीमा साधारण ०.८ व्होल्ट. कॉन्टॅक्टरची कॉइल सुटते तेव्हा शेजारच्या लांब वायरीत जो झटका उठतो, त्यात हा जवळपास पाऊण व्होल्टाचा फरक मोलाचा ठरतो. अर्थात ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशातून नेणारा भाग), कॉइलवर झटका शोषणारा स्नबर आणि पॉवर सप्लायची नीट मांडणी नसेल तर ५ व्होल्टची चिपही लोळण घेते. ‘जुन्या चिपा दणकट असतात’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. दणकट असतो तो बोर्ड.

तरी अर्डुइनोच्या सोयीला किंमत आहे. पिन वर-खाली करायची त्यांची नेहमीची सूचना काही मायक्रोसेकंद खाते, तेच काम रजिस्टरवर थेट लिहून दोन क्लॉकमध्ये होतं. १६ मेगाहर्ट्झवर दोन क्लॉक म्हणजे एक अष्टमांश मायक्रोसेकंद. रिलेसाठी काही फरक पडत नाही. पण डब्ल्यूएस२८१२ जातीच्या रंगीत एलईडी पट्ट्या घ्या. एक बिट १.२५ मायक्रोसेकंदाचा, म्हणजे ३२८पी ला एका बिटासाठी फक्त वीस क्लॉक. तेवढ्यात दुसरं काही होऊ शकत नाही म्हणून लायब्ररी इंटरप्ट, म्हणजे बाहेरच्या घटनेने काम मध्येच थांबवायची सोय, बंदच करून टाकते. एका एलईडीचे २४ बिट म्हणजे ३० मायक्रोसेकंद. गणपतीच्या मखराला ३०० एलईडी लावले तर दर वेळी ९ मिलिसेकंद चिप बहिरी. तेवढ्यात आलेला रिमोटचा सिग्नल गेला, आणि घड्याळही मागे पडत जातं.

इथे नवी चिप खरोखर नवी ठरते, आणि तीही मेगाहर्ट्झमुळे नाही. रास्पबेरी पायने जानेवारी २०२१ मध्ये ४ डॉलरला पिको आणला. त्यावरच्या आरपी२०४० मध्ये एआरएमचे दोन कॉर्टेक्स-एम०+ कोर आहेत, पण खरा ऐवज म्हणजे पीआयओ: पिना हलवण्यासाठीच ठेवलेली आठ छोटी यंत्रं. वरचं एलईडीचं काम त्यातलं एक यंत्र चार सूचनांत करतं आणि मुख्य कोर मोकळा राहतो. काही हौशी लोक तर पिकोलाच झेड८० ची रॉम आणि रॅम म्हणून वापरतात. ५ आणि ३.३ व्होल्टच्या मध्ये ७४एलव्हीसी२४५ सारखा बफर मात्र टाका, कारण आरपी२०४० च्या पिना ५ व्होल्टसाठी बनवलेल्या नाहीत. झेड८० साठी एपरॉम आणि तो पुसायचा अल्ट्राव्हायोलेट दिवा शोधत फिरायची गरज यामुळे उरलेली नाही.

पिको घ्यायला आरपी२०४० ची डेटाशीट हे आणखी एक कारण. सहाशेच्या वर पानं आहेत, पण माणसाने माणसासाठी लिहिलेली. तरी तिथेही पिनांनी दगा दिलाच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पिको २ सोबत आलेल्या आरपी२३५० मध्ये आतला पुल-डाऊन (खाली ओढणारा रेझिस्टर) लावलेली इनपुट पिन एकदा वर गेली की सुटल्यावर खाली येत नव्हती, २.२ व्होल्टच्या आसपास अडकून बसायची. ई९ नावाने ही चूक प्रसिद्ध झाली. बाहेरून ८.२ किलोओहम किंवा त्याहून कमी रेझिस्टर लावणं हा उपाय कंपनीनेच सांगितला, आणि पुढच्या सुधारित चिपमध्ये दोष काढला. तुमच्या हातात पहिल्या खेपेचा पिको २ आला आणि बटण दाबलेलंच दिसत राहिलं, तर बटणाला शिव्या देऊ नका.

एसटी कंपनीच्या एसटीएम३२ या एआरएम चिपांचा ब्लू पिल बोर्ड, एफ१०३ वाला, मी आता सुचवत नाही. चिप चांगली आहे, पण बोर्डावर तीच चिप असेल याचा भरवसा नाही. नकला इतक्या झाल्यात की डीबगर (प्रोग्रॅम भरायचं-तपासायचं साधन) कधी कधी ओळखच नाकारतो. शिवाय कित्येक बोर्डांवर यूएसबीचा पुल-अप दीडऐवजी १० किलोओहमचा असतो. तरीही नोकरीसाठी एसटीएम३२ उपयोगी, म्हणून त्यांचाच न्यूक्लिओ बोर्ड घ्या. त्यात प्रोग्रॅमर सोबत येतो. हजारावर पानांचं रेफरन्स मॅन्युअल पाठ करायचं नसतं, हवं ते रजिस्टर शोधायला शिकायचं असतं.

बॅटरीवर चालवायचं असेल तर एक सूचना. ‘ईएसपी३२ डीप स्लीपमध्ये (गाढ झोपेत) १० मायक्रोअँपिअर घेतो’ हे चिपबद्दल खरं आहे. तुमच्या बोर्डवरचा एएमएस१११७ रेग्युलेटर एकटाच ५ मिलिअँपिअरच्या आसपास पितो, यूएसबीची चिप आणि पॉवरचा एलईडी वेगळे. मीटर बोर्डाच्या आधी लावून मोजा. उलट जुना एटी८९एस५२ साधा चालू असतानाच २० मिलिअँपिअरच्या घरात असतो, त्यामुळे ‘८ बिट म्हणजे कमी वीज’ हाही गैरसमजच.

मग पैसे कशावर घालायचे? माझा क्रम असा: किट घरात आहेच, त्यावर दोन-तीन आठवडे. मग एक नॅनो आणि एक पिको. वाय-फाय लागेल त्या दिवशी ईएसपी३२, आधी नाही. राहिलेल्या पैशांत एक बरा मल्टिमीटर आणि आठ चॅनेलचा स्वस्त लॉजिक ॲनालायझर, कारण बूटच्या वेळी पिन काय करते हे डोळ्यांना दिसत नाही, त्यावर दिसतं. एटी८९एस५२ कॉलेजच्या प्रोजेक्टला लागला तर पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला बघा, आणि सोबत यूएसबीएएसपी प्रोग्रॅमर घ्या. तो ३२८पी लाही चालतो.

राहिला रिस्क-व्ही. सी मध्ये लिहिणाऱ्याला आतली भाषा कोणती याने फारसा फरक पडत नाही. ईएसपी३२-सी३ मध्ये रिस्क-व्ही आहे हे ठाऊक नसतानाही लोक तो वापरतात. आरपी२३५० मध्ये तर एआरएम आणि रिस्क-व्ही दोन्ही कोर आहेत, हवे ते निवडा. आपल्याकडे सी-डॅकने वेगा नावाने रिस्क-व्ही प्रोसेसर बनवलेत आणि त्यातल्या थेजस३२ वर एरीज बोर्ड निघालाय, अर्डुइनोच्या पद्धतीने चालणारा. आयआयटी मद्रासचा शक्ती प्रकल्प आहेच. असेंब्ली शिकायची हौस असेल तर मात्र रिस्क-व्ही जरूर घ्या, कारण मूळ सूचनासंच लहान आणि स्वच्छ आहे. त्यासाठी सीएच३२व्ही००३ पुरेसा: ४८ मेगाहर्ट्झ, १६ केबी फ्लॅश, २ केबी रॅम, आणि जाहीर झाला तेव्हा किंमत दहा सेंटच्या आसपास. ३.३ आणि ५ दोन्ही व्होल्टेजवर चालतो, म्हणजे जुन्या ५ व्होल्टच्या भागांशी थेट जोडता येतो. फक्त त्याचं प्रोग्रॅमिंग एकाच तारेवरून होतं आणि त्याला कंपनीचा डब्ल्यूसीएच-लिंकई हा प्रोग्रॅमर घेणं सोयीचं. एसटी-लिंक किंवा यूएसबीएएसपी चालणार नाही, तेव्हा तो त्याच ऑर्डरमध्ये मागवा.